दाखवायची झोप

टुरिस्टांची बस आमच्या दारात वर्षभर रोज थांबायला लागली, तर आमचे हे पेट्रोलपंपावरची रात्रपाळी सोडणार होते. एवढंच ठरलं होतं आमचं दोघांचं. आणि एवढ्यासाठीच मी त्या उन्हाळ्यात त्या गाईडबाईचं मुकाट ऐकून घेतलं. नाहीतर मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, हे आमच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे.

आमची खाणावळ जुन्या रस्त्यावर, रेल्वे फाटकाच्या अलीकडे. सासरे होते तेव्हा फाटक पडलं की लॉऱ्यांची रांग लागायची ती पार स्टेशनच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. गाडी येऊन जाईपर्यंत ड्रायव्हर लोक करणार काय? आमच्याकडे जेवायचे. जेवले की डोळे जड व्हायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, इतक्या खाटा. सासरे रांधायचे आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, उठवायच्या. हसू नका, ते कामच होतं. माणूस सांगायचा, मला अमक्या वेळेला उठवा, आणि आडवा व्हायचा. मग घोर आईंना. खांद्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. पायाचा अंगठा धरायचा आणि माणूस आपणहून वर येईपर्यंत नुसता धरून ठेवायचा. खांदा धरून उठवलेला ड्रायव्हर दचकतो आणि मग दिवसभर त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, असं त्यांचं म्हणणं. उठला की हातावर पाणी. मग आपल्या लॉरीभोवती एक चक्कर. मग चहा. चक्कर मारल्याशिवाय चहा नाही म्हणजे नाही. मिशा पिळणारे हे एवढाले बाप्ये आईंच्या धाकानं निमूट चक्कर मारायचे.

मग नवा हायवे झाला, खांबांवरून, सगळ्यांच्या डोक्यावरून. आता लॉऱ्या दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. रेल्वेनं तर आधीच यायचं सोडलं होतं. फाटक कायमचं उघडं पडलं. आमच्या खाटांच्या दोऱ्या सडल्या, लाकडं चुलीत गेली. हे रात्रीचे हायवेवरच्या पंपावर जायला लागले. माझे धाकटे दीर तिथे हिशेबाला आहेत, त्यांनी चिकटवून दिलं. रात्रभर पंप, दिवसा खाणावळ. झोप कधी? ते मलाही विचारू नका. पहाटे आले की पोत्यावर अंग टाकायचे, ऊन तोंडावर आलं की उठायचे, विहिरीवरून पाणी आणायला. पेट्रोलचा वास त्यांच्या केसातून जायचाच नाही. मी उशा बदलून थकले.

आणि मग एके दिवशी आम्ही जुने झालो. म्हणजे होतोच जुने, पण ते बघायला आता लोक यायला लागले. शहरातल्या कुणाला तरी आमचं स्टेशन सुंदर वाटलं, कुणी टाकीचे फोटो काढले, आणि बसगाड्या सुरू झाल्या. सगळा रस्ता येडा झाला. न्हाव्यानं गेल्याच वर्षी घेतलेली फिरकीची खुर्ची विकली आणि कुठून तरी मोडकी लाकडी खुर्ची आणून दारात ठेवली. सायकलवाल्यानं कंदील टांगले. त्याला कंदील पेटवता येत नाही, पण टांगले.

गाईडबाई आमच्याकडे आली ती पाणी प्यायला. वयानं माझ्याएवढीच असेल, डोक्यावर रुंद टोपी, कमरेला छोटा लाऊडस्पीकर. मागच्या पडवीत एकच खाट उरली होती, कोंबड्या बसायच्या तिच्यावर. बाईनं विचारलं, ही कसली? मी आपलं सांगितलं सगळं, ड्रायव्हर, झोप, अंगठा, चक्कर. बाईचे डोळे असे लकाकले की मला वाटलं हिला उन्हाचा त्रास होतोय.

"हेच दाखवायचं," ती म्हणाली. "हेच आणि असंच. खाट पुढे घ्या. एक ड्रायव्हर झोपलेला पाहिजे आणि आजी त्याला उठवतायत. मग लोक जेवतील. हा मोसम करून बघू. शेवटी आमच्या बसकंपनीचे मालक येतील. त्यांना पटलं तर वर्षभर रोज बस तुमच्याकडे. नाहीतर हायवेवर तो नवा फूड मॉल झालाय, त्याची माणसं रोज फोन करतायत त्यांना."

"ड्रायव्हर कुठून आणायचा?" मी विचारलं.

बाईनं ह्यांच्याकडे पाहिलं. हे हंडा खांद्यावर घेऊन उभे होते, घामानं निथळत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"नुसतं पडायचंय ना?" हे म्हणाले. "पडतो की."

खाट दोरी घालून नीट केली. सासऱ्यांचा खाकी शर्ट ट्रंकेतून काढला, तो ह्यांना खांद्यात तंग झाला. पहिल्या दिवशी बस आली तेव्हा अंगणात पाणी मारलेलं, जेवण चुलीवर तयार, हे खाटेवर उताणे, तोंडावर टोपी. लोक उतरले. गाईडबाईनं स्पीकरवरून सांगितलं, पूर्वी इथे असं असायचं, तसं असायचं. निम्मं मी कधी ऐकलेलंही नव्हतं. मग तिनं आईंना खूण केली.

आई पदर खोचून आल्या. खाटेच्या पायथ्याशी वाकल्या, अंगठा धरला. आणि लगेच सोडला.

"हा जागा आहे," त्या म्हणाल्या.

लोक खदखदा हसले. बाई पुढे होऊन म्हणाली, "आजी, उठवा ना."

"अगं पण जागा आहे. जाग्या माणसाला कशी उठवू?"

परत हशा. हे टोपीखाली तसेच पडून. शेवटी त्यांनीच बिचाऱ्यांनी उठून बसून आळस दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई जाताना मला म्हणाली, आजींचं ते 'जागा आहे' फार छान जमलं, रोज म्हणायला सांगा. मी आईंना तसं सांगितलं. त्या भांडी पालथी घालत होत्या.

"मी काय माकड आहे का गं?" एवढंच बोलल्या.

मग पुढे रोज तेच. रोज बस, रोज खाट. आई रोज अंगठा धरायच्या आणि रोज ते वाक्य म्हणायच्या, पण शाळेत पोरं धडा म्हणतात तसं, नजर भलतीकडे लावून. लोकांना काय त्याचं! एक जाडा माणूस ह्यांच्या शेजारी खाटेवर आडवा झाला आणि बायकोकडून फोटो काढून घेतला. खाट करकरली. एका मुलीनं गवताची काडी घेऊन ह्यांच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. हे हलले नाहीत. हलायचं नाही असं बाईनं बजावलेलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, हातात पळी. ती पळी मी कशी आवरली ते माझं मला माहीत.

न्हावी रस्त्यावरून ओरडायचा, "नशीब काढलंस लेका! झोपायची नोकरी! आम्हाला पण लावून दे कुठे तरी."

हे हसायचे. ह्यांना राग येतच नाही, तो सगळा वाटा माझ्याकडे आलाय.

एकदा दुपारी लोक गेल्यावर आम्ही दोघं पातेली घासत होतो. राख संपत आलेली, हात सोललेले. मी म्हटलं, "अहो, तेवढं पडता ना खाटेवर, जरा खरंच झोपत जा की. तेवढीच पाठीला विश्रांती."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"झोपून कसं चालेल? बाईनं खूण केली की अमुक वेळात उठायचं असतं. आई नुसता अंगठा धरते, खरी झोप लागली तर मी तेवढ्यात उठायचा नाही. फार अवघड आहे गं ते. पाठ टेकते, डोळे मिटलेले, टोपीचा अंधार. रात्रभर उभा असतो ना मी. सगळं अंग म्हणत असतं, झोप. आणि जागं राहायचं. हलायचं पण नाही. मी मनात पाढे म्हणतो. एकोणतीसचा म्हणतो, तो येत नाही मला, म्हणून जाग राहते."

"आणि तरी डोळा लागला तर?"

त्यांनी पातेलं परत उचललं. रात्री पंपावर जायला निघताना ते पँट बदलत होते तेव्हा मला त्यांची मांडी दिसली. काळेनिळे डाग, जुन्यावर नवे. चिमटे काढत होते स्वतःला, त्या खाकी शर्टाच्या कडेखालून, लोकांना दिसू नये असे.

मला रडायला येत नाही लवकर. मी जाऊन चुलीतला जाळ उगाच पुढे-मागे केला. आई ओट्यावर बसल्या होत्या, त्यांना मी ते सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं! थोडेच दिवस राहिले होते. मालक येणार, पसंत करणार, मग हे पंप सोडणार आणि घरातल्या अंथरुणावर, पाय पसरून, रात्रभर झोपणार. मी त्याच्यासाठी नवी चादरसुद्धा घेऊन ठेवली होती, कपाटात वरच्या फळीवर.

त्याच आठवड्यात धाकटे दीर येऊन गेले. सायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत.

"वहिनी, दादाला सांभाळायला सांगा. काल नळी गाडीत तशीच ठेवून उभ्या उभ्या पेंगला. पेट्रोल सांडलं. आमचा मॅनेजर म्हणतो, पुन्हा झालं तर येऊ नकोस. मी किती दिवस झाकू?"

"थोडेच दिवस," मी म्हटलं. "मग तेच येणार नाहीत तुमच्या पंपावर."

"बघा बुवा," ते म्हणाले आणि गेले.

मालक यायचा दिवस उजाडला तो आगीसारखा. सकाळपासूनच पत्रे तडतडत होते. मी अंधारातच उठले होते. अंगण झाडलं, पाणी मारलं, टेबलं पुसली, दोन वेळा. भाजी चिरताना बोट कापलं, त्याला चिंधी बांधली. आई त्यांचं ठेवणीतलं लुगडं नेसल्या, न सांगता, मला बरं वाटलं. फक्त ह्यांचा पत्ता नव्हता. ऊन चढलं तरी नाही. मी रस्त्यावर चार चकरा मारून आले. शेवटी आले, सायकल हातात धरून, चालत. पंपावर बदलीचा माणूस आलाच नाही म्हणे, मग मॅनेजरनं अडकवून ठेवलं. आणि टायर बसलेला, तो वेगळाच.

त्यांचा चेहरा बघून मी जे बोलणार होते ते गिळलं. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. ओठांना भेगा.

"शर्ट दे," म्हणाले.

"दोन घास खाऊन घ्या आधी."

"नको. पोट भरलं की संपलंच. शर्ट दे."

शर्ट घालून ते खाटेवर बसले. आई त्यांच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बाळा, आज मी पडते खाटेवर. तू उठव मला."

"बाईनं ड्रायव्हर सांगितलाय, आई. म्हातारी ड्रायव्हर कुणी बघितलीय का?" ते हसले आणि आडवे झाले. टोपी तोंडावर ओढली. मी खिडकीतून त्यांचा हात बघत होते. तो मांडीकडे गेला. मी मनात म्हटलं, आजच्या दिवस. आजच्या दिवस रेटा हो.

बस आली, मागून मालकांची पांढरी गाडी. मालक म्हणजे मला वाटलं होतं कुणी तरी दांडगा असेल. साधा निघाला, बारीक, चष्म्याची काच शर्टाला पुसत उतरला. लोक खाटेभोवती उभे राहिले. गाईडबाई आज दुप्पट उत्साहात, स्पीकर किंचाळत होता. टाकीचं सांगून झालं, फाटकाचं सांगून झालं, लॉऱ्यांचं झालं. मग तिनं खूण केली.

आई पुढे आल्या. वाकल्या. अंगठा धरला.

मी वाट बघत होते, आता म्हणतील, हा जागा आहे. लोकही, बाईनं आधीच सांगून ठेवलं असावं, हसायला तोंड उघडून तयार होते.

आई काही बोलल्या नाहीत. त्यांनी अंगठा धरून ठेवला. किती तरी वेळ धरून ठेवला. मग हळूच सोडला, जमिनीवर फतकल मारून खाटेला टेकून बसल्या, आणि लोकांकडे बघून ओठावर बोट ठेवलं.

लोकांना वाटलं हाच खेळ. तेही गप्प झाले. एक बाई कौतुकानं हसत ओठावर बोट ठेवून उभी राहिली. कुणी फोटो काढला. आई पदरानं माश्या वारत होत्या. वर हायवेवरून लॉऱ्या जात होत्या, त्यांचा आवाज येत होता, आणि खाली टोपीतून ह्यांचं घोरणं. बारीक सुरू झालं होतं आणि वाढत चाललं होतं.

थोड्या वेळानं लोक पाय बदलायला लागले. ऊन काय कमी होतं? एका मुलानं विचारलं, उठत का नाहीत ते? बाईनं परत खूण केली. आईंनी मान हलवली. नाही.

मालकांनी घड्याळ बघितलं.

बाई धावत माझ्या खिडकीशी आली. "अहो, काय चाललंय? उठवा त्यांना तुम्ही! मालक बघतायत!"

मी हात पुसून बाहेर आले. खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. एवढे दिवस, एवढं सगळं, आणि ऐन वेळेला म्हातारीनं हे काढावं! मी खाटेजवळ वाकले तर आईंनी माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"सोडा आई," मी दातांतून म्हटलं. "बस जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? तुमच्या पोरासाठीच चाललंय ना सगळं? उठवा त्यांना!"

"मी आजवर माणसं उठवली ती कामावर जायला," आई म्हणाल्या. हळूच, ह्यांची झोप मोडू नये अशा. "ह्या लोकांना दाखवायला नाही उठवायची. किती दिवसांनी झोपलाय बघ. बघ तर खरी."

मी बघितलं. टोपी घसरून गळ्यावर आली होती. तोंड उघडं, ओठाच्या कडेला लाळ. आणि उजवा हात मांडीवर, दोन बोटांत पँटचं कापड अजून पकडलेलं, चिमटा काढता काढता तसाच राहिलेला. बोटं सैल पडली होती. त्या चिमट्याचा काही उपयोग झाला नव्हता.

माझा हात पुढे गेलाच नाही. तो मी मागे घेतला, का ते मला आजही धड सांगता यायचं नाही. मला बस हवी होती. ह्या सगळ्यांत सगळ्यात जास्त मलाच हवी होती.

मी सरळ उभी राहिले आणि लोकांना म्हटलं, "जेवण तयार आहे. आत बसा. जरा आवाज न करता बसा."

माणसं बसली, खरंच हळू बसली. वाटी ठेवताना टण झालं की एकमेकांकडे बघायची. जेवणाला नाव ठेवलं नाही कुणी. एका म्हाताऱ्या टुरिस्टानं तर जाताना आईंपुढे हात जोडले. पण त्यांच्या जोडलेल्या हातांनी काय होणार होतं!

मालक जेवून बाहेर आले, दात कोरत खाटेकडे बघत राहिले. मग मला विचारलं, "ह्या आजी रोज असं करणार का?"

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलल्या. "झोपला असेल तर करणार."

मालक चिडले नाहीत. चिडले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. ते उलट समजुतीनं बोलले. "हे बघा बाई, मला बस वेळेत न्यायची असते. रोज कुणाला झोप लागली आणि कुणाला नाही, हे मी कुठे बघत बसू? तिकडे मॉलमध्ये सगळं वेळच्या वेळी होतं." मग थोडं थांबून म्हणाले, "जेवण चांगलं होतं."

मी म्हटलं, "उद्या असं नाही होणार, साहेब. आजच जरा..."

आवाज माझाच होता, पण असला लाचार आवाज मी माझ्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. ते नुसते मान हलवत गाडीत बसले. गाईडबाई बसच्या पायरीवरून माझ्याकडे बघत होती. काही तरी बोलली, पण बसच्या आवाजात ऐकू आलं नाही. धुरळा बसेपर्यंत मी तिथेच उभी होते. समोर न्हावी त्याच्या मोडक्या खुर्चीत बसला होता. त्यानं पेपर तोंडापुढे धरला. त्या दिवशी ओरडला नाही.

मी आत येऊन सगळी भांडी घासली, एकटीनं. आई खाटेजवळून उठल्या नाहीत. ऊन सरकलं तशी त्यांनी पडवीतली जुनी चटई आणून ह्यांच्या तोंडावर सावली येईल अशी उभी केली आणि हातानं धरून बसल्या. हात दुखला की दुसऱ्या हातानं. मी दोनदा समोरून गेले. तिसऱ्यांदा राहवलं नाही.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "आता जन्मभर पंप. तुमच्यामुळे."

"हो," आई म्हणाल्या. "माझ्यामुळे."

मी त्यांच्या हातातली चटई घेतली आणि धरून बसले. त्या बाजूला सरकल्या, पाय चोळत राहिल्या. ते कूस बदलून झोपले, गुडघे पोटाशी घेऊन. खाट त्यांना आखूड होती, हे मला इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं. सासरे बुटके होते, त्यांच्या मापाच्या असायच्या आमच्या सगळ्या खाटा.

ऊन उतरलं. टाकीची सावली रूळ ओलांडून अंगणाच्या कडेपर्यंत आली. कोंबड्या पडवीत शिरल्या. सायकलवाल्याचा मुलगा ह्यांचा टायर नीट करून सायकल भिंतीला लावून गेला, पैसे नंतर द्या म्हणाला. पंपावर जायची वेळ झाली होती. आज उशीर करून चालणार नव्हतं. आज तर मुळीच नाही, आता तेवढंच उरलं होतं.

"आई," मी म्हटलं. "कामावर जायचंय त्यांना."

आईंनी मान हलवली. उठल्या, खाटेच्या पायथ्याशी गेल्या, वाकल्या आणि तशाच राहिल्या. मग परत सरळ झाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"तूच उठव," त्या म्हणाल्या. "माझ्यानं व्हायचं नाही." आणि आत निघून गेल्या.

मी खाटेच्या कडेवर बसले. आईंची रीत मला कधी शिकावीशी वाटली नव्हती, ती येत नव्हती. कपाळावरचे केस मागे सारले. पेट्रोलचा वास आला.

"अहो," मी म्हटलं. "उठा."

घोरणं थांबलं. डोळे किंचित उघडले, संधिप्रकाश बघून लगेच मिटले. त्यांनी घाईघाईनं पाय सरळ केले, उताणे झाले, चाचपून गळ्यावरची टोपी तोंडावर ओढली, शर्टाची कड नीट केली. श्वास मुद्दाम लांब केला, झोपलेल्या माणसासारखा. आणि टोपीखालून, ओठ न हलवता, हळूच विचारलं,

"आले का सगळे? आईला पाठव. मी तयार आहे."